एन्झाइम उपचाराचा खर्च: कोटेशन हातात आल्यावर काय करायचं

मुलाच्या रिपोर्टवर गोशे, पॉम्पे किंवा एमपीएस (म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिस) असं एखाद्या दुर्मीळ आजाराचं नाव लिहून आलं की दोन-चार दिवसांत घरात एक आकडा फिरायला लागतो. कुणी सांगतं वर्षाला पन्नास लाख, कुणी सांगतं एक कोटी. मग सोनं किती, शेताचा तुकडा किती, अशी बोलणी सुरू होतात. माझी कळकळीची विनंती आहे की त्या बोलण्यांच्या आधी हा लेख शेवटपर्यंत वाचा. हा खर्च बहुतेक कुटुंबांना स्वतःच्या खिशातून पेलणारा नाहीच. त्यामुळे शेत विकून फार तर काही महिन्यांचं औषध येईल आणि त्यानंतर शेतही नसेल, औषधही नसेल. आधी हिशेब मांडायचा, मग दारं ठोठवायची आणि घरचा पैसा अगदी शेवटी, तोही औषध सोडून जे इतर खर्च उरतात त्यांच्यासाठी वापरायचा. माझ्या घरातही असा एक रुग्ण आहे आणि नव्याने निदान झालेल्या कुटुंबांच्या फायली लावायला मी मदत करते. त्यातून जे पक्कं कळलं ते इथे मांडते आहे.

पायरी पहिली: आजाराचं नाव आणि प्रकार पक्का करा

या आजारांत शरीरातलं एखादं एन्झाइम (पेशींतल्या पदार्थांचं विघटन करणारं प्रथिन) जन्मापासून कमी असतं. पेशींमध्ये ज्या पदार्थाचा निचरा व्हायला हवा तो साठत जातो. गोशेमध्ये (बरेच जण गॉशर म्हणतात, आजार तोच) पाणथरी (प्लीहा) आणि यकृत वाढतं, रक्त कमी होतं, प्लेटलेट घटतात, हाडं दुखतात. पॉम्पेमध्ये स्नायूंवर आणि लहान बाळांत हृदयावर परिणाम होतो. फॅब्रीमध्ये किडनी, हृदय आणि हातापायांची जळजळ. एमपीएसचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. बाहेरून तयार केलेलं तेच एन्झाइम सलाईनमधून देणं म्हणजे एन्झाइम रिप्लेसमेंट थेरपी, तोंडी भाषेत ईआरटी.

प्रकार इतका महत्त्वाचा का, तर हे एन्झाइम रक्तातून मेंदूत पोहोचत नाही. गोशे प्रकार १ मध्ये मेंदूवर परिणाम नसतो, तिथे ईआरटीने मूल शाळेत जातं, खेळतं, वाढतं. प्रकार २ मध्ये मेंदू लवकर आणि वेगाने बिघडतो, तिथे हे औषध तो बिघाड थांबवू शकत नाही. एमपीएस १ च्या तीव्र प्रकारात तर बाळ साधारण दोन-अडीच वर्षांचं व्हायच्या आत बोन मॅरो ट्रान्सप्लांट करणं हा मुख्य उपचार आहे. तो खर्च एकदाचा असतो, आयुष्यभराचा नाही. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न "किती खर्च येईल?" हा विचारू नका. "माझ्या मुलाच्या प्रकारात ईआरटीने काय सुधारेल आणि काय सुधारणार नाही?" हा विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

निदान पक्कं म्हणजे दोन कागद: रक्तातल्या एन्झाइमची पातळी दाखवणारा रिपोर्ट आणि जनुकीय तपासणीचा रिपोर्ट. नुसती बोन मॅरोची तपासणी किंवा सोनोग्राफी यांवर कुठलीही योजना पुढे सरकत नाही. मुंबईत केईएमच्या आवारातच आयसीएमआरची इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे, हैदराबादला सीडीएफडी ही जनुकीय तपासणीची सरकारी संस्था आहे. तुमचे डॉक्टर कुठे नमुना पाठवतात ते विचारा. आणि कुणी "पाणथरी काढून टाका, स्वस्तात सुटाल" असं सुचवलं, तर जनुकीय आजारांच्या तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. पाणथरी काढल्याने गोशे थांबत नाही, साठा यकृतात आणि हाडांत होत राहतो.

पायरी दुसरी: हिशेब स्वतः मांडा

इथे वेळ घालवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. खर्च चार आकड्यांतून निघतो: वजन, दर किलोला डोस, एका व्हायलमध्ये (औषधाच्या छोट्या बाटलीत) औषध किती, आणि वर्षातून किती वेळा.

उदाहरण गोशेचं घेऊ. इमिग्लुसरेज या गोशेच्या औषधाची व्हायल ४०० युनिटची. डोस साधारण १५ ते ६० युनिट प्रति किलो, दर दोन आठवड्यांनी, म्हणजे वर्षात २६ वेळा. मूल १६ किलोचं आहे आणि डॉक्टरांनी ६० युनिटचा डोस लिहिला. १६ गुणिले ६० म्हणजे ९६० युनिट. दोन व्हायलमध्ये ८०० येतात, ते कमी पडतात. तीन फोडल्या तर १२०० होतात आणि २४० युनिट वाया जातात. दर वेळी तीन फोडल्या तर वर्षाला ७८ व्हायल.

आता यातच एक वाट आहे. उत्पादकाच्या माहितीपत्रकातच असं सांगितलं आहे की महिन्याचा एकूण डोस जवळपास तोच राहत असेल, तर पूर्ण व्हायल वापरता याव्यात म्हणून एखाद्या वेळचा डोस थोडा कमी-जास्त करता येतो. म्हणजे एकदा दोन व्हायल, पुढच्या वेळी तीन. सरासरी १००० युनिट पडते, म्हणजे लिहिलेल्या डोसपेक्षा किंचित जास्तच. वर्षाला लागतात ६५. एक थेंब कमी न करता १३ व्हायल वाचल्या. समजण्यापुरती एक व्हायल एक लाखाची धरा (खरी किंमत तुमच्या कोटेशनवर बघा): ७८ लाखांचे ६५ लाख झाले. हा बदल डॉक्टरांनीच लिहून द्यायचा असतो, आपण परस्पर करायचा नाही. पण विचारायचं मात्र आपण, कारण ओपीडीच्या गर्दीत हे आपणहून कुणी सांगेलच असं नाही.

तोच डोस ३० युनिटचा असेल तर ४८० युनिट होतात, म्हणजे सरासरी सव्वा व्हायलच्या आत. वर्षाला ३१-३२ व्हायल. इतका फरक पडतो! म्हणून डोस किती आणि का, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. हाडांचा त्रास, रक्ताचं प्रमाण, वय हे पाहून ते ठरवतात. पैसे वाचावेत म्हणून डोस उतरवा असा आग्रह धरू नका. मात्र सुरुवातीचा डोस आणि तब्येत स्थिरावल्यावरचा डोस वेगळा असू शकतो का, हे जरूर विचारा.

बाकी आजारांचं गणितही असंच चालतं, फक्त आकडे बदलतात. पॉम्पेत अल्ग्लुकोसिडेज अल्फा २० मिलिग्रॅम प्रति किलो, व्हायल ५० मिलिग्रॅमची, दर दोन आठवड्यांनी. दहा किलोच्या बाळाला प्रत्येक वेळी ४ व्हायल, वर्षाला १०४. पन्नास किलोच्या माणसाला प्रत्येक वेळी २०, वर्षाला ५२०. फॅब्रीत अ‍ॅगाल्सिडेज बीटा १ मिलिग्रॅम प्रति किलो, दोन आठवड्यांनी. व्हायल ३५ आणि ५ मिलिग्रॅमच्या. सत्तर किलोच्या माणसाला ३५ च्या दोन व्हायल बरोबर पुरतात. एमपीएस ६ मध्ये गॅल्सल्फेज १ मिलिग्रॅम प्रति किलो, पण दर आठवड्याला. पाच मिलिग्रॅमची व्हायल. पंधरा किलोच्या मुलाला दर वेळी ३, वर्षाला १५६. एमपीएस २ मध्ये इडरसल्फेज अर्धा मिलिग्रॅम प्रति किलो, दर आठवड्याला, व्हायल ६ मिलिग्रॅमची. बारा किलोच्या मुलाला बरोबर एक व्हायल लागते. मूल तेरा किलोचं झालं की साडेसहा मिलिग्रॅम होतात, आणि कुणी लक्ष दिलं नाही तर दर आठवड्याला दोन व्हायल फोडल्या जातात. वर्षाच्या ५२ च्या १०४. मुलाचं एक किलो वजन वाढणं ही आनंदाची गोष्ट असायला हवी, म्हणूनच हे गणित आधी माहीत असलेलं बरं.

यातून दुसरी गोष्ट लक्षात येते: मूल वाढेल तसा खर्च वाढेल. १६ किलोचं मूल ३२ किलोचं झालं की व्हायल दुप्पट. केंद्र सरकारच्या दुर्मीळ आजार धोरणातही हे नोंदवलं आहे की दहा किलोच्या मुलाचा वर्षाचा खर्च काही आजारांत १० लाखांपासून एक कोटीच्याही वर जाऊ शकतो, उपचार आयुष्यभर चालतो आणि वय-वजनाबरोबर रक्कम चढत जाते. म्हणून हिशेबाच्या वहीत आजचं वजन, पाच वर्षांनंतरचं अंदाजे वजन आणि मोठेपणीचं वजन असे तीन रकाने करा.

पायरी तिसरी: कोटेशन कसं वाचायचं

एकाच औषधाची किंमत छापील एमआरपीला वेगळी, वितरकाच्या कोटेशनमध्ये वेगळी आणि सरकारी रुग्णालयाच्या टेंडरमध्ये वेगळी असते. ज्या कागदावर तुम्ही मदत मागणार आहात, त्यावर वितरकाचं ताजं, तारखेचं, शिक्क्याचं कोटेशन हवं.

मग कर बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्लुसरेज, अ‍ॅगाल्सिडेज बीटा, अ‍ॅगाल्सिडेज अल्फा, व्हेलाग्लुसरेज, अल्ग्लुकोसिडेज अल्फा, लॅरोनिडेज, इडरसल्फेज या औषधांवरचा जीएसटी शून्य झाला आहे. जुन्या कोटेशनमध्ये ५ किंवा १२ टक्के दिसत असेल तर नवं मागा. तुमचं औषध या यादीत दिसलं नाही तर वितरकाला कराचा दर लेखी विचारा.

सीमाशुल्काचं वेगळं आहे. औषध तुम्ही स्वतःच्या रुग्णासाठी परदेशातून मागवत असाल, तर राष्ट्रीय धोरणातल्या दुर्मीळ आजारांच्या औषधांना १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी राज्याच्या आरोग्य सेवा संचालकांचं किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय वैयक्तिक आयातीचा परवाना म्हणजे फॉर्म १२ बी, त्याचा अर्ज फॉर्म १२ ए. माल विमानतळावर येऊन पडल्यावर हे करायला धावू नका. हे औषध २ ते ८ अंशांतच ठेवावं लागतं, आणि कागद अडला तर थंड साखळी तुटायचा धोका असतो.

"सरकार किंमत का बांधून देत नाही?" असं प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतं. रास्त प्रश्न आहे. जानेवारी २०१९ मध्ये औषध किंमत नियंत्रण आदेशात बदल झाला आणि दुर्मीळ आजारांची औषधं नियंत्रणातून वगळली गेली. रुग्ण थोडे, जिवंत पेशींमध्ये मोठ्या टाक्यांत हे प्रथिन बनवण्याची प्रक्रिया खर्चीक, आणि बहुतेक औषधांना बाजारात जेमतेम एक-दोन पर्याय. त्यामुळे किंमत उतरायला कारणच उरत नाही. अमेरिकेने १९८३ मध्ये कायदा करून अशा औषधांना सात वर्षं एकट्याने विकण्याचा हक्क दिला, त्यामुळे औषधं आली हे खरं. पण गोशेचं पहिलं एन्झाइम १९९१ मध्ये मंजूर झालं, त्याला तीस वर्षं उलटून गेली आणि अजूनही ते सामान्य घराच्या आवाक्यात नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि ते स्पष्ट बोलायला हवं.

पायरी चौथी: गोळ्यांचा पर्याय आहे का?

मोठ्या माणसांतल्या गोशे प्रकार १ साठी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. एलिग्लुस्टॅट नावाच्या कॅप्सूल साठणारा पदार्थ मुळात कमी तयार होऊ देतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की देशात तयार झालेल्या या कॅप्सूलमुळे वर्षाचा खर्च १.८ ते ३.६ कोटींवरून ३ ते ६ लाखांवर येतो. ३ लाखही थोडे नाहीत, पण ते जमवता येण्यासारखे आहेत. आधी एक जनुकीय तपासणी करून शरीर हे औषध कसं पचवतं ते बघावं लागतं, आणि हृदयाची किंवा इतर काही औषधं चालू असतील तर अडचण येऊ शकते. लहान मुलांसाठी हा नेहमीचा पर्याय नाही. पण आज दहा वर्षांच्या असलेल्या मुलाच्या आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावं. तीन रकान्यांतला शेवटचा रकाना कदाचित वेगळा लिहिता येईल.

पायरी पाचवी: पैसा कुठून येतो

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून मी ज्या क्रमाने विचारायला सांगते त्याच क्रमाने लिहिते.

सगळ्यात आधी नोकरी. घरात कुणाचा ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा) हप्ता कापला जातो का? महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात, आणि अवलंबून असलेली मुलंही. ईएसआयसीने अशा रुग्णांचा ईआरटीचा खर्च उचललेला आहे. रेल्वे, संरक्षण दलं, केंद्र सरकारी नोकरी, सार्वजनिक उपक्रम असतील तर तिथली वैद्यकीय योजना बघा. एक सूचना जीव तोडून देते: असा आधार असेल तर नोकरी बदलताना किंवा पगारवाढ घेताना आधी चौकशी करा. पगार मर्यादेच्या वर गेला की हा आधार निसटू शकतो.

खासगी कंपनीची समूह विमा पॉलिसी असेल तर दोन ओळी शोधा. जनुकीय आजार वगळले आहेत का, आणि २४ तास दाखल न होता घेतलेलं इन्फ्युजन (सलाईनमधून दिलेलं औषध) डे-केअर म्हणून धरतात का. सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी, हेच ईआरटीचं स्वरूप असल्याने बहुतेक दावे दुसऱ्या ओळीवर अडतात.

मग राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१. यात रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदत मिळते. सुरुवातीला मर्यादा २० लाख होती, मे २०२२ मध्ये ती वाढली. महाराष्ट्रातलं उत्कृष्टता केंद्र (या आजारांसाठी सरकारने नेमलेलं रुग्णालय) म्हणजे मुंबईतलं केईएम रुग्णालय. गोव्याच्या कुटुंबांनाही तेच जवळचं. पैसा तुमच्या हातात येत नाही, तो या उत्कृष्टता केंद्राकडे जातो आणि औषध तेच खरेदी करतं. रुग्णाला तिथे दाखवावं लागतं, तज्ज्ञांची समिती प्रकरण बघते, मग प्रस्ताव पुढे जातो. गोशे प्रकार १ आणि मेंदूवर फारसा परिणाम नसलेला प्रकार ३, पॉम्पे, फॅब्री, एमपीएस १ आणि २ चे सौम्य प्रकार, एमपीएस ४ ए आणि ६ हे धोरणाच्या गट ३ (अ) मध्ये आहेत. यातल्या बहुतेक आजारांपुढे 'गुंतागुंत होण्याआधी' अशा अर्थाची अट आहे. म्हणूनच उशीर करू नका.

पण ही मदत दर वर्षी मिळणारी नाही, हे नीट समजून घ्या. वर काढलेल्या १६ किलोच्या मुलाच्या हिशेबात महिन्याला, म्हणजे चार आठवड्यांना, पाच व्हायल लागतात. एक लाखाच्या दराने ५० लाख नऊ-दहा महिन्यांत संपतील. केंद्राला स्वस्त दर मिळाला किंवा डोस कमी असला तर जास्त टिकतील. पहिली सलाईन लागली त्या दिवसापासून पुढच्या सोयीचं काम सुरू करायला हवं. औषध मध्येच बंद पडलं की पाणथरी पुन्हा वाढते, प्लेटलेट पुन्हा घसरतात; मी ते पाहिलं आहे आणि कुणाच्या वाट्याला येऊ नये असं वाटतं. सरकारचं ऑनलाइन लोकवर्गणीचं पोर्टल आहे, तिथे केंद्रामार्फत रुग्णाची नोंद होते. ती नोंद झाली का, हे स्वतः विचारून खात्री करा.

त्यानंतर उत्पादक कंपन्यांचे मोफत औषधाचे कार्यक्रम. सनोफी जेन्झाइमचा भारतातला धर्मादाय कार्यक्रम १९९९ पासून चालू आहे. जागा थोड्या आणि रुग्ण जास्त, तरी अर्ज डॉक्टरांमार्फत करून ठेवा. रुग्णसंघटनांशी लगेच जोडून घ्या. लायसोसोमल स्टोरेज डिसऑर्डर्स सपोर्ट सोसायटी आणि बेंगळुरूची ऑर्गनायझेशन फॉर रेअर डिसीजेस इंडिया या दोन्ही संस्था याच कामासाठी उभ्या आहेत. कोणत्या केंद्रात कोणती फाइल कुठे अडते, हे त्यांना तोंडपाठ असतं.

न्यायालय हा शेवटचा रस्ता, पण तो आहे. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका गरीब घरातल्या गोशेच्या मुलाला मोफत उपचार द्यायचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय निधी उभारून २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन वर्षांसाठी ९७४ कोटींची तरतूद करायला सांगितलं. अशा याचिकांना कागद लागतात, आणि कागद तुम्ही पहिल्या दिवसापासून जपले तरच ते असतात.

पायरी सहावी: औषध सोडून जे खर्च आहेत

हेच खर्च खरोखर घरातून जातात. दर पंधरा दिवसांनी किंवा दर आठवड्याला एका पालकाचा रोजगार बुडतो. प्रवास, बाहेरचं जेवण, कधी मुक्काम. बेड आणि इन्फ्युजनचं शुल्क, सलाईन सेट, फिल्टर, सिरिंज. सहा महिन्यांनी तपासण्या: रक्त, पोटाची सोनोग्राफी किंवा एमआरआय, हाडांची घनता, हृदयाचा टूडी इको. हे एका कागदावर महिन्यावारी लिहा, वर्षाला लाखाच्या घरात जातं की नाही ते बघा.

इथे मात्र बरंच वाचवता येतं. केंद्रात निदान आणि मंजुरी झाल्यावर प्रत्येक वेळी मुंबईला जावं लागतं का, की जिल्ह्यातल्या रुग्णालयात इन्फ्युजन देता येईल, हे लेखी विचारा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात; तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. ही माणसं भेटली की अर्धी कामं सोपी होतात.

जिल्ह्याच्या ठिकाणी नवी नर्स असेल तर पहिल्या वेळी शेजारी उभे राहा. इमिग्लुसरेजची पावडर १०.२ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवतात. व्हायल जोरात हलवायची नाही, हळू फिरवायची, कारण फेस आला की प्रथिन बिघडतं. मग ते सलाईनमध्ये मिसळून एक ते दोन तासांत सावकाश सोडतात. एक व्हायल हातातून निसटली तर त्याची भरपाई कुठल्याही योजनेत नाही. प्रत्येक व्हायलचा बॅच नंबर, तारीख आणि त्या दिवशीचं वजन वहीत उतरवा.

पायरी सातवी: फाइल

एकच फाइल, तिच्या तीन झेरॉक्स आणि फोनमध्ये स्कॅन. आत एन्झाइम रिपोर्ट, जनुकीय रिपोर्ट, तज्ज्ञांचं पत्र (आजाराचा प्रकार, डोस, वजन आणि व्हायलची संख्या लिहिलेलं), ताजं कोटेशन, रुग्णाचं आणि पालकांचं आधार, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, उपचाराआधीचे पोटाचे मोजमाप आणि रक्ताचे आकडे. हे शेवटचे बहुतेक जण ठेवत नाहीत. सहा महिन्यांनी प्लेटलेट किती वाढल्या आणि पाणथरी किती उतरली, हे दाखवता आलं की मदत चालू ठेवायला सांगणं सोपं जातं. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या, तोंडी आश्वासनावर परत फिरू नका.

आणि याच फाइलमध्ये भावंडांचे रिपोर्टही घाला. गोशे, पॉम्पे आणि बहुतेक एमपीएस प्रकारांत आईवडील दोघं वाहक असतात आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची २५ टक्के शक्यता असते. एमपीएस २ आणि फॅब्री आईकडून येऊ शकतात. घरात नात्यात लग्नं झाली असतील तर चुलत-मावस नातेवाइकांनाही कळवा, लपवू नका. पुढच्या बाळाचा विचार असेल तर गरोदर राहण्याआधीच तज्ज्ञांना भेटा. पहिल्या मुलाचा जनुकीय रिपोर्ट हातात असेल तर गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांच्या सुमारास करता येते.